रक्ताला आधीच कळतं

२ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या शोधांच्या तारखा नंतर सापडत नाहीत, म्हणून. बावीस वर्षं कॉलेजात गणित शिकवतोय. माझ्या नावाचं समीकरण सोडा, स्टाफरूममध्ये माझ्या नावाची खुर्चीसुद्धा नाही. आता होईल.

मॉडेल तयार आहे. माणसाच्या रक्तात चरबीच्या लहानमोठ्या पिशव्या फिरत असतात, त्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. मोठी पिशवी लहानीला चरबी देते, लहानी बदल्यात कोलेस्टेरॉल देते, आणि एक प्रथिन हमालासारखं ही ने-आण करतं. कोणी कोणाला किती दिलं, किती वेगानं, हे माझी चार समीकरणं सांगतात. प्रयोग सोपा: माणूस रात्रभर उपाशी, सकाळी नऊला ग्लासभर क्रीम पाजायचं. आठपासून दर तासाला रक्त. निघालेला ग्राफ माझ्या समीकरणांवर बसला की झालं.

सहा स्वयंसेवक मिळाले. सातवा सुई बघून पळाला. सातवा मी.

विभागप्रमुख म्हणाल्या, एकतीसला सेमिनार आहे, तोवर मॉडेल बसलं नाही तर प्रोजेक्ट नव्या मॅडमना देणार. या नव्या मॅडमना सगळं तीन दशांश स्थळांपर्यंत लागतं. मी मनातल्या मनात तिला दशांश म्हणतो. बघू कोण कोणाला देतंय.

५ मार्च, गुरुवार, पहाटे ५.२०
निश्चय: आज तोंडात काहीही नाही. काल रात्री आठपासून कडकडीत उपास. मात्र रिकाम्या पोटी फिरायला गेलं की मला गरगरतं, म्हणून कपाटातल्या लोण्याच्या केकचे दोन तुकडे. हे खाणं नव्हे, आधार. केक सासरेबुवांचा आहे. त्यांना दात नाहीत, चहात बुडवून खातात. त्यांना काय कमी पडणार आहे?

संध्याकाळी
सहाही जणांचे ग्राफ नऊपर्यंत सपाट, मग चढते. माझा आठलाच वर! क्रीम पिण्याच्या तासभर आधी! रक्त काढणाऱ्या बाईंनी विचारलं, सर, काही खाल्लं होतं का? मी सांगितलं, रात्रीपासून जेवलेलो नाही. शब्द न् शब्द खरा. बाईंनी सुई ठेवली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

६ मार्च, शुक्रवार
विचार केला. चूक माझी असेल तर शोध नाही. चूक माझी नसेल तर शोध आहे. म्हणजे शोध आहे. क्रीम येणार हे रक्ताला आधीच कळतं, आणि हमाल आधीच कामाला लागतात. समीकरणात नवं पद घातलं: पूर्वसूचना पद. पुढे जग त्याला माझं नाव देईलच, मी कशाला घाई करू?

दशांश म्हणाली, पण सर, रक्ताला कसं कळणार? मी म्हटलं, तुला भूक लागलेली कळते ना? पटलं असणार, लगेच उठून गेली. ती बाहेर जाऊन हसत होती असं शिपाई सांगतो. शिपायांचं काय ऐकायचं.

१२ मार्च, गुरुवार
शोध एकदा घडून चालत नाही, पुन्हा घडावा लागतो. म्हणून प्रयोग पुन्हा. विज्ञानाचा नियम असा की परिस्थिती तसूभरही बदलायची नाही. तीच वेळ, तेच बूट, तोच केक, तेच दोन तुकडे. नको वाटत होते, पण नियम तो नियम.

ग्राफ तंतोतंत तसाच आला! आता कोण काय बोलतं ते बघतो.

१३ मार्च, शुक्रवार
घरात कटकट. सासरेबुवा आयुष्यभर घड्याळजी. शेजारपाजारची घड्याळं अजून त्यांच्याकडेच येतात. मोजून ठेवायची सवय. म्हणे, डब्यात सहा तुकडे होते, चारच आहेत, आणि गेल्या आठवड्यातही असंच झालं. ही म्हणाली, बाबा, तुम्हीच खाल्ले असतील, विसरलात. त्यांनी तुकडे पुन्हा मोजले.

जेवताना मला हळूच विचारलं, जावईबापू, काल पहाटे तुम्ही स्वयंपाकघरात होता का? मी म्हटलं, बाबा, स्वप्न पडलं असेल. त्यांनी मान हलवली आणि अर्धं जेवण तसंच ठेवून उठले.

वाईट वाटलं. थोडं. पण खरं सांगितलं तर उपासाबद्दल नसत्या शंका निघतील, आणि एका म्हाताऱ्याच्या केकपायी बावीस वर्षं पाण्यात घालायची?

१९ मार्च, गुरुवार
तिसऱ्यांदा प्रयोग. तिसऱ्यांदा तोच ग्राफ. पहाटे दोन तुकड्यांपैकी दुसरा घशाखाली उतरेना. रेटला. मोठ्या कामाला त्याग लागतो.

दुपारी ही सासरेबुवांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला, यांनी वार सांगितला आणि वर म्हणाले, तुमचं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे. तरी डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा.

संध्याकाळी शेजारचे काका घड्याळ घेऊन आले. सासरेबुवांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, आता माझा भरवसा नाही, एखादा स्क्रू गिळून बसायचो. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली.

निश्चय: त्यांना नवा केक आणायचा. आणला. आज रात्री एकही तुकडा त्यांनी घेतला नाही.

३० मार्च, सोमवार
भाषण पाठ. शेवटचं वाक्य: रक्त वाट पाहतं. इथे थांबायचं, टाळ्या होऊ द्यायच्या. उद्या दशांशला पहिल्या रांगेत बसवतो.

३१ मार्च, मंगळवार
टाळ्या होईपर्यंत थांबलो. झाल्या नाहीत. दशांश उठली. म्हणाली, सर, तुमचं मॉडेल मला फार आवडलं, म्हणून मी ते उलटं चालवून पाहिलं. पूर्वसूचना पद काढून टाकलं आणि मॉडेललाच विचारलं, असा ग्राफ यायला किती चरबी, किती वाजता पोटात जायला हवी?

पडद्यावर उत्तर आलं. तिन्ही गुरुवारी तेच. पहाटे पाच वाजून नऊ मिनिटं, एकोणीस ग्रॅम.

हॉल हसला. फक्त रक्त काढणाऱ्या बाई हसल्या नाहीत. प्रमुख म्हणाल्या, सर, दोनच शक्यता आहेत: मॉडेल चुकलंय, किंवा तुम्ही खाल्लंय. मॉडेल बरोबर असेल तर ते उत्तम आहे, आणि तुमचंच राहील. मी म्हटलं, विचार करून सांगतो. माझं मॉडेल बरोबर ठरवायचं तर मी खोटा! असा पेच जगात कुणाला पडला नसेल. तसाच घरी आलो.

१ एप्रिल, बुधवार
हिला सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. म्हणाली, मला नका सांगू, बाबांना सांगा.

सांगितलं. त्यांनी उशीखालून वही काढली. तीन नोंदी. ५ मार्च, ५.१०, जावई, केक, की स्वप्न? १२ मार्च, ५.०८, तेच. १९ मार्च, ५.०९, तेच. माझं मॉडेल एका मिनिटाच्या आत बरोबर होतं आणि मला आनंद होईना.

पुढची पानं उलटली. स्वप्न पडलं असेल असं मी म्हणालो त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली होती. तारीख. वार. सतराचा पाढा. सासूबाईंचं माहेरचं नाव. रोज सगळं बरोबर, आणि खाली रोज एकच ओळ: तरी केक आठवत नाही.

मला लाज वाटली. पुढे कोणी वाचेल म्हणून लिहितो असं नाही, खरंच वाटली.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, म्हणजे डोकं ठीक आहे तर. मग वही माझ्यापुढे सरकवली, म्हणाले, लिहून द्या. मी लिहिलं: तिन्ही वेळा केक मी खाल्ला. म्हणाले, तारीख घाला. घातली. म्हणाले, सही करा.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग डोळ्याला भिंग लावलं आणि हिला म्हणाले, शेजारच्या काकांना सांग, घड्याळ घेऊन या.

प्रमुखांना फोन करून सांगितलं, मी खाल्लंय. शोधनिबंधात छापून येईल: स्वयंसेवक क्रमांक सात वगळला. असो. बावीस वर्षांत माझ्या सहीचं, पुराव्यानिशी सिद्ध झालेलं एकच विधान आहे, आणि ते सासरेबुवांच्या उशीखाली आहे.