तीन नंबरची रुई

सोमवार, १२ जानेवारी २०२६. सकाळी ७.५०.
महागाव. पहिल्या गाडीतला कापूस हातात घेऊन, बोटांनी तंतू ओढून लांबी बघत होतो. तेवढ्यात, सरकी काढून रुई करणाऱ्या आमच्या जिनिंगचे मालक वामनराव बातमी घेऊन आले. ब्राझीलशी मुक्त व्यापाराचा करार होईल, आयातकर गेला की तिकडची रुई स्वस्त पडेल – आमच्या रुईच्या दाबलेल्या गठाणी घेणाऱ्या सूतगिरणीने असं कळवलंय. म्हणून गिरणी आधी आमची नि तिकडची रुई ताडून बघणार. गिरणीने हात काढला तर जिनिंग बंद. दहावी नापास माणसाला हे बोटांचं काम सोडून काय येतं?

१३ जानेवारी
वामनराव म्हणाले, 'कायले घाबरतो बे?' स्वतः मात्र तीनदा चहा मागवला आणि एकदाही प्यायले नाहीत.

१५ जानेवारी
गिरणीचा माणूस आला. टेबलावर तीन नमुने, फक्त आकडे घातलेले. 'मशीनवर मी तपासलंय. हाताने बघून तू सांग,' म्हणाला.

एक नंबर – लांबी बरी. आत केस, गुटख्याच्या पुडीचा तुकडा.
दोन नंबर – लाल धागा. आमच्या तांड्यातल्या बायांच्या फेटियाचा, म्हणजे घागऱ्याचा, बघताच ओळखला. वेचताना तुटला असणार. मुठीत दाबता आला असता. कागदावर लिहिला.
तीन नंबर – काहीच नाही. ओढला तरी तुटायला वेळ लागला.

'हा चांगला,' मी लगेच म्हणालो. गिरणीच्या माणसाने यादी उघडून दाखवली. तीन नंबर ब्राझीलचा होता.

१६ जानेवारी
घरी आईला, याडीला, सांगितलं. ती म्हणाली, 'हातानं वेचलं तं केस पडनारच. तिकडे कोन वेचते?'
'यंत्र.'
'मंग तिकडच्या बाया काय करून राह्यल्या?'


१९ जानेवारी
गिरणीने पुढची मागणी थांबवली. वामनराव रागावले नाहीत. 'खोटं बोलला असता तं मशीननं पकडलं असतं.' मग जाता जाता – 'पन जरा थांबून तं बोलाचं होतं, बाप्पा.'

२४ जानेवारी
शेवटची गठाण दुपारी सव्वादोनला बांधली; जिनिंग बंद. यंत्र थांबल्यावर सगळे उगाच मोठ्याने बोलत होते.

२८ जानेवारी
गिरणीचं पत्र. बंदरावर उतरणाऱ्या परदेशी गठाणी हाताने तपासायला माणूस हवा आहे. माझं नाव वामनरावांनीच दिलं. सोमवारी निघतो. याडीला अजून सांगितलेलं नाही.