नीलेश सर होल्डवर

शनिवार, संध्याकाळ. मुलुंड.

आज मजा आली. खोटं कशाला लिहू, सूड घेतल्याची मजा.

फ्रिज कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये इतकी वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मग आमचे मॅनेजर नीलेश सर म्हणाले, तुझं ते गोड बोलणं एआयला शिकव. शिकवलं. आणि गेल्या महिन्यात मलाच घरी बसवलं. निरोपाचा चहासुद्धा नाही.

आज त्यांचाच फोन! "स्मिता, घरचा फ्रिज बंद पडलाय गं. उद्या व्याही जेवायला येतायत, आत गोराईची पापलेटं भरलीत. हेल्पलाइनवर ते मशीन नुसतं 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' म्हणतंय. कुणीतरी माणूस दे ना बोलायला!"

हे वाक्य त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतलं होतं. हसऱ्या आवाजात म्हण, अजून हसऱ्या.

मेकॅनिकचा नंबर आहे माझ्याकडे. द्यावा का? बिचाऱ्या व्याह्यांचा काय दोष?

नाही दिला. अगदी हसऱ्या आवाजात म्हटलं, "आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. कृपया लाइनवर थांबा."

फोन टेबलावर ठेवलाय. आतून अजून "हॅलो, हॅलो" चाललंय. थांबू देत. मी कुकर लावून येते.