खिडकीपुढची रांग

१ जुलै, सकाळी साडेसहा
काल प्राचार्यांनी मला विद्यार्थी साहाय्य कक्षाचा प्रमुख नेमलं. अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवल्यावर अखेर कोणाचे तरी डोळे उघडले. ही म्हणाली, बाकी कोणी हो म्हटलं नसेल. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहून बाईला आपली किंमत कळत नाही, कमाल आहे.
संकल्प : एकाही विद्यार्थ्याला कक्षातून निराश होऊन परत पाठवायचं नाही. दुसरा संकल्प : चिडायचं नाही. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवलीय. डॉक्टर गाढव आहे, पण एवढ्यापुरतं ऐकायला हरकत नाही.

३ जुलै
कक्ष मिळाला. तिसरा मजला, शेवटची खोली, पाण्याच्या टाकीला लागून. टाकी भरत असली की आत बोललेलं ऐकू येत नाही. टाकी दिवसातून चार वेळा भरते. तक्रार केली. प्राचार्य म्हणाले, तुम्हालाच बाजूची जागा हवी होती.
पाटी रंगवून आली : ‘विद्यार्थी असहाय कक्ष’. पेंटरला अर्धा तास फोनवर झापला. तो म्हणतो, तुम्ही कागदावर लिहून दिलं तेच काढलं. माझं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं आहे, हे लहानपणी अख्ख्या शाळेला माहीत होतं. गोळी घेतली.

५ जुलै
फॉर्म तयार. चार पानं. भेटीच्या तीन दिवस आधी भरून द्यायचा. शिपायाने विचारलं, आणि अडचण तीन दिवस थांबली नाही तर? उद्धट आहे.
कन्येला दाखवला. ती आमच्याच कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला, विज्ञान शाखेत. शाखा मी निवडली. तिच्याकडे बघावंच लागत नाही. जेवते, खोलीत जाते, दार लावून अभ्यास करते. तिने चारही पानं वाचली आणि विचारलं, “बाबा, यात वडिलांची सही कशाला?” म्हटलं, नियम. म्हणाली, बरं. अशी समजूतदार पोरं सगळ्यांच्या पोटी आली असती तर कक्षाची गरजच पडली नसती.

१५ जुलै
दहा दिवसांत एकूण भेटी चार. पैकी पंखा बघायला आलेला एक, टाकीवाला एक, खोली चुकलेले दोन. प्रतिसाद वाढतोय.

१८ जुलै, दुपार
खोली चुकलेल्यांपैकी एक पोरगी आज पुन्हा आली. मी लगेच फॉर्म काढला. तिने विचारलं, दाखल्यांच्या खिडकीवरच्या बाई आज दिसत नाहीत, त्या वर बसतात का? म्हटलं, काय काम आहे ते मला सांग. म्हणाली, नको सर, बाईंनाच सांगते.
खाली जाऊन बघितलं. तळमजल्यावर दाखले आणि ओळखपत्रं देण्याची खिडकी. जेवणाची सुट्टी संपून बाई नुकत्याच बसल्या होत्या, आणि पुढे तीसेक पोरांची रांग. हुद्दा : कनिष्ठ लिपिक. मी खांबाआड वीस मिनिटं उभा राहिलो. एका मुलाने दाखला घेतला तरी हलेना. काहीतरी बोलत होता, नाक ओढत होता. बाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं, कोणाला तरी फोन लावला, एका वहीत दोन ओळी लिहिल्या. पोरगा हसत गेला.
कोणत्या अधिकाराने? प्रमुख मी आहे!

२२ जुलै
सभागृहात माझं व्याख्यान. विषय : ‘तणावमुक्त विद्यार्थी’. खुर्च्या दोनशे, हजर अकरा. न आलेल्यांबद्दल त्या अकरा जणांना चाळीस मिनिटं फैलावर घेतलं. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. शेवटी विचारलं, कोणाला काही शंका? पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, सर, आता जाऊ का? घसा बसलाय. एकंदरीत परिणामकारक.

३० जुलै
बाईंना वर बोलावलं. आल्या नाहीत. खिडकी सोडता येत नाही म्हणाल्या. शेवटी मीच खाली गेलो (सौजन्य म्हणून). म्हटलं, बाई, समुपदेशन हे शास्त्र आहे, मी तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलंय. त्या शिक्के मारता मारताच म्हणाल्या, “सर, मी काहीच करत नाही हो. हात कामात असतात, कान रिकामे असतात. पोरं बोलतात, मी ऐकते.” वर मलाच विचारलं, चहा घेणार का. घेतला. चहा चांगला होता, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण मी पूर्वग्रह ठेवत नाही. पण या बाईंचं काहीतरी केलं पाहिजे.

४ ऑगस्ट
प्राचार्यांच्या मागे लागून सूचना काढायला लावली. स्वतः चिकटवली : ‘खिडकीवर दाखल्याच्या कामाखेरीज बोलू नये.’ डिंक भरपूर लावलाय. संपला त्यांचा कारभार.

७ ऑगस्ट
तीन दिवसांत एकशे बावन्न मुलांनी दाखल्यासाठी अर्ज केले. गेल्या अख्ख्या महिन्यात सत्तर होते. रांग जिन्यापर्यंत. प्राचार्यांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, कट.
आज जेवताना कन्येला सहज विचारलं, तुमच्या वर्गातली मुलं त्या खिडकीवर कशाला जातात गं? म्हणाली, माहीत नाही. आणि भात तसाच टाकून उठली. हल्लीच्या मुलांना अन्नाची कदर नाही, यावर तिच्या बंद दाराशी उभं राहून पाच मिनिटं बोललो.

१९ ऑगस्ट
ती वही! सगळं त्या वहीत आहे. आज खिडकीत हात घालून म्हटलं, वही द्या. बाईंनी वही छातीशी धरली. म्हणाल्या, “सर, पोरांनी विश्वासाने सांगितलंय. तुमच्या पाया पडते, वही मागू नका.” मी म्हटलं, कक्षप्रमुख या नात्याने मागतोय. तेव्हा खाली बघून हळूच म्हणाल्या, “तुमच्यासाठीसुद्धा बरं होणार नाही.”
धमकी. एका कनिष्ठ लिपिकाने मला, सगळ्यांच्या देखत! शब्द न् शब्द इथे उतरवून ठेवतोय. उद्याच प्राचार्यांकडे लेखी तक्रार. रागात लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय.

२२ ऑगस्ट, दुपारी चार
हे लिहायचं नव्हतं. पण लिहितो.
अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत बैठक. प्राचार्य, मी, बाई. दाराशी शिपाई. प्राचार्य म्हणाले, वही ठेवा टेबलावर, एकदाचं मिटवू. बाईंनी ठेवली. आत कोणाचंही नाव नाही. फक्त वर्ग, हजेरी क्रमांक आणि खाली चार-दोन ओळी. मला वाटलं, नावं लपवली म्हणजे दाल में काला आहेच. मी उभा राहिलो. मधलंच एक पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं :
‘दुसरं वर्ष, विज्ञान, क्रमांक ४७. तिसऱ्यांदा आली. प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून रडते. विज्ञान झेपत नाही, सोडायचंय. शाखा बदलायची मुदत ३१ ऑगस्ट. पालकांची सही लागेल. घरी सांगायची हिंमत नाही. म्हणते, वडील ऐकून घेत नाहीत, भाषण देतात. मी म्हटलं, मी बोलू का त्यांच्याशी? नको म्हणाली, त्यांना कमीपणा वाटेल.’
मी म्हटलं, बघा! एवढी गंभीर बाब आणि कक्षाला पत्ता नाही. आणि हा बाप बघा, सर. पोरगी जिन्यात रडतेय आणि हा गृहस्थ कुठे असतो? काय झोपा काढतो? असल्या माणसाला इथे, या खोलीत, माझ्यासमोर उभा करा. मी बोलतो त्याच्याशी.
बाई म्हणाल्या, “सर, राहू द्या ना.” मी म्हटलं, मुळीच राहू देणार नाही. टेबलावर हात आपटला. प्राचार्यांच्या पेल्यातलं पाणी सांडलं. शिपायाला सांगितलं, दुसऱ्या वर्षाची हजेरी आण, सत्तेचाळीस नंबर कोण आहे बघू.
त्याने आणली. प्राचार्यांनी बोट खाली खाली नेलं, थांबले, चष्मा काढला आणि हजेरी माझ्याकडे सरकवली.
आडनाव माझंच होतं. वडिलांचं नावही.
वर टाकी भरत असणार, इथपर्यंत आवाज येत होता. बाईंनी सांडलेलं पाणी पुसलं, वही उचलली आणि गेल्या. बाहेर रांग खोळंबली होती.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
शांतपणे घेतलं. तिच्या दारावर टकटक केली. आत गेलो, खुर्चीवर बसलो आणि म्हटलं, मला सगळं समजलंय, मी मुळीच चिडलेलो नाही. मग आपल्या घरात कसं मोकळं वातावरण आहे, बाहेर कोणाकडे जाऊन रडण्याची गरज नाही, विज्ञानाला काय भविष्य आहे, मी तिच्या वयाचा असताना काय काय सोसलं, हे सगळं अत्यंत समजुतीच्या स्वरात सांगितलं. घड्याळ बघितलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.
ती म्हणाली, “झालं, बाबा?” म्हटलं, झालं. म्हणाली, “मग मी दार लावू?”
स्वयंपाकघरातून हिने विचारलं, तिला एक वाक्य तरी बोलू दिलंत का? मी हिच्यावर ओरडलो. मग कळलं, हिला सगळं जूनपासून माहीत होतं. म्हणजे घरात दोघी आणि कॉलेजात बाई. माहीत नव्हतं ते मलाच. मी प्रमुख!

२४ ऑगस्ट
रविवार. आज ठरवून बोललो नाही. तिच्यासमोर बसलो आणि फक्त म्हटलं, बोल. ती बोलेना. चार मिनिटं कळ काढली. पाचव्या मिनिटाला विचारलं, तोंडाला कुलूप लावलंय का? तिचे डोळे भरले.
गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आज तासभर शोधून चिडायला कोणी सापडेना.

२५ ऑगस्ट
पहिला तास रद्द केला. खिडकीशी गेलो. आत घुसता आलं असतं, प्राध्यापकांना रांग नसते. पण रांगेत उभा राहिलो. पुढे अकरा मुलं. ‘या ना सर पुढे’ असं कोणी म्हणालं नाही. मागच्या मुलाने विचारलं, सर, तुमचं ओळखपत्र हरवलं का? मी नुसती मान हलवली. चिडलोही नाही, म्हणजे फारसा नाही.
पाऊण तासाने नंबर लागला. बाईंनी मान वर केली. म्हणाल्या, “बोला सर.”
सगळं घोकून आलो होतो. विद्यार्थी, पालक आणि संस्था यांच्यातला समन्वय, वगैरे. तोंडातून निघालं ते एवढंच, की बाई, मुलगी माझ्याशी बोलत नाही, आणि सहीला सहाच दिवस उरलेत. तिला काय घ्यायचंय तेसुद्धा मला माहीत नाही.
मागची पोरं ऐकत होती. बाईंनी बाजूचं छोटं दार उघडलं, शिक्क्यांच्या कपाटाशेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाल्या, “बसा. आधी या मुलांचं उरकते. बराच वेळ लागेल, पण तुम्ही मध्ये बोलू नका हं, सर. नुसतं ऐकत बसा.”
बसलो. एका मुलीने खिडकीतून वाकून बघत विचारलं, बाई, हे सर इथे का बसलेत? बाई म्हणाल्या, त्यांचंही काम आहे, थांबलेत.
अडीच तास बसलो. एकोणतीस मुलं आली. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा बाईंनी माझ्याकडे न बघता हातातला शिक्का वर धरला. मी ते पुन्हा मिटलं.