निवटीचा दशांश

कळवा,
१४ नोव्हेंबर १९९६

प्रिय आनंद,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी बायको कुठे आहे ते बघशील आणि मग गॅलरीत जाऊन हे पत्र फोडशील. तसं करायची काही गरज नाही. यात प्रेमाबिमाचं काही नाही. 'प्रिय' लिहिलं ते सवयीने. दुसरं जे सुचत होतं ते पत्राच्या सुरुवातीला शोभलं नसतं.

बाबा गेल्या वर्षी गेले. आई आहे, अजून खाडीवर जाते, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरते आणि तरीही जाते. मी कल्याणच्या कॉलेजात शिकवते. पीएचडी झाली, तुझ्यापेक्षा चार वर्षं उशिरा. लग्न केलं नाही. त्याचं श्रेय स्वतःकडे घेऊ नकोस, तुला श्रेय पटकन उचलायची खोड आहे म्हणून सांगते.

वागळे इस्टेटमधल्या त्या कंपनीचं ऑफिस आठवतं ना? आपल्या गाइड सरांच्या ओळखीवर आपल्याला तिथला कॉम्प्युटर शनिवारी दुपारी मिळायचा. चपला बाहेर काढून आत जायचं, कारण मशीनला धूळ चालत नाही. बॅटरीत पातळ रसायन घालायचंच नाही, आतलं सगळं घट्ट ठेवायचं, आणि त्या घट्ट पदार्थातून लिथियमचे आयन किती सहज सरकतात ते भट्टी न पेटवता नुसत्या गणिताने सांगायचं, हे आपलं काम. सरांना ते जमेल असं वाटत नव्हतं. तुलाही नव्हतं. प्रोग्राम मी लिहायचे, लांबड्या वहीत पेन्सिलीने, आणि तू टाइप करायचास, कारण तुझा हात भराभर चालायचा. बाबांनी एकदा विचारलं होतं की पोरी, तू नक्की करतेस तरी काय. मी सांगितलं की घट्ट जागेतून एक बारकी वस्तू या खळग्यातून त्या खळग्यात उडी मारते, तिला किती जोर लागतो ते मोजते. ते म्हणाले, "म्हंजे निवटी गो. चिखलानं उड्या मारतं तं." चिखलातल्या त्या बारक्या माशापासून माझ्या प्रोग्राममधली सगळी नावं खाडीतली झाली. जागचा न हलणारा जड अणू म्हणजे चिंबोरी. मोकळा खळगा म्हणजे बीळ. आणि निवटीच्या उडीच्या वाटेत शेजारच्या अणूंचा जो अडथळा होतो, त्यालाही नाव निवटीचंच. तू पोट धरून हसला होतास. मला तुझं ते हसू आवडायचं, हे खोटं कशाला सांगू?

शीळफाट्याच्या संस्थेत संशोधन सहायकाची एकच जागा निघाली तेव्हा आपलं ठरलं होतं. दोघांनी अर्ज करायचा, ज्याला मिळेल त्याने आधी आपल्या घरी लग्नाचं सांगायचं. डोंबिवलीत तुझ्या आईपुढे कोळ्याची मुलगी उभी करायची तर हातात नोकरी हवी, असं तूच म्हणाला होतास. मला ते पटलं होतं. मार्चमध्ये मला कावीळ झाली. तू उसाचा रस घेऊन आलास, माझ्या उशाशी बसलास आणि जाताना माझा अर्ज, अहवाल आणि फ्लॉपी घेऊन गेलास. म्हणालास, मी नेऊन देतो, तू झोप. मी झोपले.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मला एकदा लिहायचंच आहे. माझा अर्ज मुदतीनंतर पोचला, असं संस्थेचं पत्र आलं. अहवाल मात्र वेळेवर पोचला होता, तुझ्या नावाने. जागा तुला मिळाली. तुझ्या आईला तू काही सांगितलं नाहीस. दीड वर्षाने तुझी लग्नपत्रिका पोस्टाने आली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावून. मी ती माझ्या आईला दाखवली नाही, पण तिला कळलं. बाबांनाही कळलं. ते जाळं शिवत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "जालं न्हेलं तं न्हेलं. पन फाटलं तं शिवाला येतं का त्याना?" उत्तर मला माहीत होतं.

कारण काविळीच्या त्याच वर्षी, मे महिन्यातच, अंथरुणात पडल्या पडल्या वही चाळताना, मला माझी चूक सापडली होती. तुझ्या हाती गेलेल्या फ्लॉपीतला प्रोग्राम चुकीचा होता, आनंद. आपल्या प्रोग्रामच्या त्या फोरट्रान भाषेत आय ते एन या सहा अक्षरांपैकी एकाने सुरू होणारं नाव दिलं, की मशीन त्याला पूर्णांक समजतं आणि दशांश चिन्हापुढचं सगळं टाकून देतं. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. चिंबोरी सीने सुरू होते, बीळ बीने, त्यांचं काही बिघडलं नाही. निवटी मात्र एनने. तिची किंमत यायला हवी होती शून्य दशांश अडतीस, मशीनने ती धरली शून्य. वाटेतला निम्म्याहून जास्त अडथळा गायब, आणि आयन सुसाट. दुसऱ्या कुणी असल्या नावाचा अडथळा लिहिलाच नसता आणि ही चूक झालीच नसती. ती माझी चूक, अगदी घरची. मी वहीत एका ओळीत ती दुरुस्त केली. तुला कळवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. मी कळवलं नाही. विसरले नाही, आजारी होते म्हणून राहिलं असंही नाही. ठरवून गप्प बसले आणि त्यात मला फार सुख वाटलं.

तुझा शोधनिबंध छापून आला तेव्हा मी तो लायब्ररीत उभ्यानेच वाचला. मागे सबंध प्रोग्राम छापलेला होता, चिंबोरीसकट. एक नावसुद्धा बदलायची तुझी छाती झाली नाही, कारण कुठलं नाव कशाला धरून आहे तेच तुला कळत नव्हतं. आणि तो आकडा! एवढा सोपा रस्ता आयनांना कुठल्याच घन पदार्थात सापडला नव्हता. तुला बढती मिळाली, परदेशवारी झाली, विभाग तुझ्या हाताखाली आला. दर बातमीला मी मनात म्हणायचे, चढ, अजून चढ. कुणाचं वाईट चिंतू नये हे मलाही शिकवलंय, पण मी चिंतलं, रोज दात घासावेत तितक्या नेमाने.

मग दोन वर्षांपूर्वी चित्रा माझ्याकडे विद्यार्थिनी म्हणून आली. कल्याणजवळच्या मोहन्याची, वडील रेयॉन कंपनीत कामगार. तुझ्या प्रयोगशाळेत ती पदार्थाच्या वड्या दाबायची, भाजायची आणि त्यांतून आयन किती वाहतात ते मोजायची. तिचं मोजमाप तुझ्या आकड्याच्या जवळपासही येईना. तू तिला सांगितलंस की तुझ्या वड्यांत ओल शिरते, तुझा हात स्वच्छ नाही. तीन वर्षं तिने त्याच वड्या पुन्हा पुन्हा केल्या, आणि मग तू तिची मुदत वाढवली नाहीस. माझ्यासमोर बसून तिने अगदी गंभीरपणे समजावलं की एन-आय-व्ही-टी-आय म्हणजे 'न्यू आयॉनिक व्हेकन्सी ट्रान्सपोर्ट इंडेक्स'. सरांनीच, म्हणजे तूच, सांगितलंय म्हणे. मी इतकी हसले की पोरगी घाबरून पाणी आणायला धावली. आणि ती पाण्याचा पेला घेऊन उभी होती तेव्हा तिचे हात दिसले, भट्टीने बोटांवर डाग पडलेले. हसू तिथेच थांबलं. तुझ्यासाठी मांडलेल्या सापळ्यात ही अडकली होती. तिची ती तीन वर्षं तू खाल्लीस तशी मीही खाल्ली. हे मी तिला सांगितलं. ती उठून निघून गेली, तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "मॅडम, वही द्या." तिचं मोजमाप आणि माझी दुरुस्त ओळ यांत नखाएवढाही फरक नव्हता. तिचे हात पहिल्यापासून स्वच्छ होते. आमचा निबंध जानेवारीत छापून येतोय. त्यात पहिलं नाव तिचं आहे.

आता पत्राचं कारण. पदार्थांचं रसायन संगणकावर तपासणाऱ्या तुझ्या विभागात कायम संशोधकाची एक जागा निघाली आहे आणि सोमवारी अकरा वाजता मुलाखती आहेत. बाहेरची तज्ज्ञ म्हणून संस्थेने मला बोलावलंय. तुझी माझी ओळख त्यांना कशी माहीत असणार, तू कधी सांगितलीच नाहीस. उमेदवारांत चित्रा आहे. ती माझी विद्यार्थिनी आहे, हे मी त्यांना लेखी कळवलंय, म्हणून तिच्या वेळी मी प्रश्न विचारणार नाही आणि गुणही देणार नाही. गुण तू द्यायचेस. ती फळ्यावर खरा आकडा मांडेल, आणि तो खरा आहे हे त्या खोलीत तुला कळत असेल. तिला निवडलंस तर तुझी नऊ वर्षं तू स्वतःच्या सहीने पुसलीस. नाही निवडलंस तर जानेवारी फार लांब नाही, आणि मग सगळे विचारतील की खरं सांगणाऱ्या मुलीला तू बाहेर का काढलंस, तेही दोनदा. 'मला चूक माहीतच नव्हती' असं म्हणायची सोय आजवर तुला होती. ती राहू नये म्हणून हे पत्र, आणि याची एक प्रत माझ्याकडे आहे. मी काही बोलणार नाही, आनंद. तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसेन आणि तुझ्या हाताकडे बघत राहीन.

तुझीच, हे आता तुला टाळता यायचं नाही,
भागीरथी