खसरा नंबर ४७ मधली भेग

लिहून ठेवणार मी, नानाजी वल्द सदाशिव डेहनकर, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी शेती, हल्ली काही नाही, मूळ राहणार मौजा रुईधरा, बुटीबोरीच्या अलीकडे, हल्ली मुक्काम वाडी, अमरावती रोड, नागपूर. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. तिसरीत पाठ केलेल्या कविता अजून एका दमात म्हणतो, तेव्हा स्मरणशक्तीबद्दल कोणी शंका काढू नये. माझ्यावर दबाव आहे, पण तो हे लिहू नये म्हणून आहे. लिहितो ते माझ्या खुशीने.

१. वाडी येथील माझ्या नावाच्या दोन खोल्या, टिनाच्या छपरासह, मुलगा मनोहर याला द्याव्यात. पोस्टाचे पुस्तकही त्यालाच. याखेरीज त्याला काही नाही. का नाही, ते पाचव्या कलमात आहे.

२. माझी शाळेतली कवितांची चार पुस्तके, पैकी एकाला पुठ्ठा नाही, रुईधऱ्याच्या शाळेला द्यावीत. त्या शाळेत माझा चुलतभाऊ रुपराव दोनदा नापास होऊन माझ्या शेजारी येऊन बसला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणे. मास्तर छडी घेऊन उभे राहिले की त्याची ओळ अडायची आणि मी खालच्या मानेने ती पुटपुटायचो. बदल्यात त्याने मला बैलांमागे डवरा धरायला, म्हणजे कोळपायला, शिकवले. त्या दिवसांत कपाशीची बोंडे फुटली की सारे शिवार एखाद्या श्लोकासारखे चालीवर डोलते असे मला वाटे. दादा म्हणे, "तू म्हन गा कविता, बैलायले आवडते. पन डवरा वाकडा जाऊ देऊ नोको."

३. डवरा, वखर आणि तिफण ही अवजारे रुपरावदादाची मुलगी पंचफुला हिला द्यावीत. तिला एवढे सांगावे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. दिवाळीला केसाएवढी चीर दिसते. तिकडे दुर्लक्ष केले तर महाशिवरात्रीला बोट जाते आणि वैशाखात मांडीपर्यंत पाय जातो. ऊन मग नुसते वरून लागत नाही, भेगेत उतरून दोन्ही बाजूंनी खोलवरची ओल चाटून नेते आणि मुळ्या ताडताड तुटतात. म्हणून चीर बारीक असतानाच डवरा फिरवावा. वरची माती भुसभुशीत होऊन चिरा बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. मला हे सारे माहीत होते, आणि बहात्तरच्या कोरड्या साली मी ते केले नाही. मोहाच्या झाडाखाली बसून वृत्ते जुळवत राहिलो. दादाने पाच वेळा डवरले.

४. बैलबंडीच्या कडेला उभे खोचतात तसल्या बाभळीच्या दांड्याला आमच्याकडे उभारी म्हणतात. अशी एक उभारी मनोहरने तो काम करतो त्या गोदामात दाराआड ठेवली आहे. पोलिसांनी ती जप्त केली होती आणि मी सुटल्यावर परत दिली. ती माझ्या सरणावर, माझ्या छातीवर ठेवून जाळावी. चुलीत घालू नये, तिच्यावर कोणी भाकर भाजू नये.

५. मौजा रुईधरा येथील खसरा नंबर ४७, साडेचार एकर, ही जमीन मी स्वतः माझ्या काकांकडून, म्हणजे रुपरावदादाच्या वडिलांकडून, खरेदी केलेली आहे. वडिलोपार्जित नाही, सबब मनोहरचा तीवर जन्माचा हक्क नाही. ही जमीन मी रुपरावदादाची विधवा गोपिका हिला देत आहे. कारण असे.

त्र्याहत्तरच्या वैशाखात माझी कपाशी उभी जळली होती. मधे फक्त धुरा, म्हणजे बांध, आणि पलीकडे दादाची पऱ्हाटी त्या उन्हातही खालून हिरवी. माझ्या वावरातली ओल हाच ओढून घेतो, असे माझ्या डोक्यात बसले. एका सकाळी पाहतो तर धुऱ्यावरचा हद्दीचा गोटा जागेवर नाही. चुना फासलेला, हातभर लांबीचा दगड. माझ्या हातात उभारी होती, सोबत मनोहर होता.

"गोटा कुठी नेला, दादा?"

दादा हसला. "खिशात घालून फिरून राहिलो काय गा मी? तुयाच वावरानं गिळला असन. डवरा नाही फिरवला, कविता फिरवल्या!"

मी धावलो. तो मागे सरला आणि त्याचा उजवा पाय माझ्या हद्दीतल्या भेगेत गुडघ्यापर्यंत गेला. मातीचे काठ विटेसारखे कडक. त्याने दोन्ही हात जमिनीवर टेकले, पाय ओढू लागला आणि म्हणाला, "थांब नान्या, पाय काढू दे."

मी थांबलो नाही. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचे ऐकू आले. दुसरा कानशिलावर. तिसऱ्याची गरज नव्हती, तरी घातला. रक्त भेगेच्या कडेने आत गेले आणि वर राहिलेच नाही. माणूस आडवा पडला तरी पाय आत उभाच होता. तो सोडवायला पोलिसांना सब्बल लागली.

ते येण्याआधी मनोहरने आमची कुऱ्हाड दादाच्या मुठीत दिली. नागपूरच्या कोर्टात शपथेवर सांगितले की रुपराव कुऱ्हाड घेऊन अंगावर आला आणि बाबाने जीव वाचवला. मीही तेच सांगितले. मी सुटलो.

पुढे तीन वर्षांनी विजेच्या खांबासाठी त्याच जागी खड्डा खणला. छातीएवढ्या खोलीवर गोटा निघाला. उभा, चुन्यासकट. मी न बुजवलेल्या भेगेत तो गेला होता, वावटळीने वर धूळ लोटली आणि पावसात मातीने तोंड मिटले. दादा खरे तेच बोलला होता, आणि मी ती चेष्टा समजून त्याला मारले.

मी मनोहरला सांगितले. तो म्हणाला, "बाबा, गोटा होता तिथीच गाडा अन् चूप राहा." पाच वर्षे चूप राहिलो. गेल्या महिन्यात पुन्हा तो विषय काढला, तेव्हा त्याने मानेला धरून मला भिंतीवर आपटले. समोरचे दोन दात गेले. "जेलात तुमी नाही, मी जाईन! समजून राहिलं काय?" त्याचे म्हणणे खोटे नाही; सुटलेल्यावर पुन्हा खटला होत नाही. खोटी शपथ त्याने माझ्यासाठीच वाहिली. हे लिहून मी माझ्या एकुलत्या एका मुलाला बुडवतो आहे, हे मला कळते.

६. गोपिकावहिनीकडे मी स्वतः गेलो होतो. ती सुपात गहू निवडत होती. सगळे ऐकले, हात थांबला नाही.

"वावर ठेवा तुमच्यापाशी, भाऊजी," ती म्हणाली. "आठ वर्सं झाली, मले गावात कुऱ्हाडवाल्याची बायको म्हन्तात. पोरीची सोयरीक दोनदा मोडली. ते पुसून टाका."

"मृत्युपत्रात सारं लिहून ठेवतो, वहिनी."

"मेल्यावर? मंग काय तुमच्या राखेले इचारू, खरं काय हाय म्हनून?" तिने सूप खाली ठेवले. "पोळ्याले तोरनाखाली छाती फुगवून झडत्या म्हन्ता ना दरसाल? सारं गाव बैल घेऊन उभं राह्यते. यंदा हे म्हना."

मी म्हटले, "मनोहर मले जित्ता सोडणार नाही."

"त्यायले तुमी सोडलं होतं काय?"

आजन्म मी पाठांतरावर मिरवलो. तोरणाखाली माझी झडती, म्हणजे पोळ्याचे गाणे, सुरू झाली की बैलांच्या घुंगरांवर लोक ताल धरायचे. ते सुख आठवले आणि लाज वाटली.

तेव्हा उद्या पोळ्याच्या दिवशी मौजा रुईधरा येथे तोरणाखाली मी पाचवे कलम मोठ्याने वाचणार आहे. झडतीच्या चालीवर नाही, साध्या आवाजात. वहिनीने जमीन नाकारली तरी ती तिच्याच नावे राहील. विकावी, पडीक ठेवावी, तिची मर्जी. या कागदाची एक प्रत आजच साक्षीदार भैय्याजींच्या स्वाधीन केली आहे, त्यामुळे माझ्या हातातला कागद फाडून कोणाला उपयोग नाही.

मनोहर तेथे येणार, आणि रिकाम्या हाताने येणार नाही. गावकऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे, आणि ती माझी शेवटची इच्छा समजावी. माझे वाचून पुरे होईपर्यंत त्याला चौघांनी धरून ठेवावे. शेवटचा शब्द झाला की सोडून द्यावे.

हे सर्व मी स्वहस्ते लिहिले, साक्षीदारांना वाचून दाखवले आणि त्यांच्या समक्ष सही केली.

नानाजी सदाशिव डेहनकर

साक्षीदार :
१. भैय्याजी तुकाराम लोणारे, निवृत्त पोस्टमन, वाडी
२. सिंधूताई केशव बोबडे, शिक्षिका, वाडी

मुक्काम वाडी, नागपूर
शुक्रवार, ता. २८ ऑगस्ट १९८१