हॉलच्या भिंतीवरची खाडी

६ एप्रिल १९८६, रविवार
आजपासून कलाकार. मुलुंडच्या आमच्या सोसायटीने बांधलेल्या हॉलची आख्खी भिंत सेक्रेटरी काशीरामकाकांनी मला दिली. त्यांची बायको, विमलाकाकू, गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या माहेरची खाडी काढायची, माड, होडी वगैरे. १ मेला उद्घाटन. काका म्हणाले, चंदू, तू कंपनीत ड्रॉइंग काढतोस म्हणून तुझ्याकडे आलो. मी नटबोल्ट काढतो, हे सांगितलं नाही. रेषा ती रेषा.

९ एप्रिल
ब्रश आणले. आधी खाडीवर विचार करणं आवश्यक.

१३ एप्रिल, रविवार, सकाळी
घरात एकाग्रता होत नाही. नलिनीला सांगितलं, मला हॉलमध्ये कोंड, बाहेरून कुलूप लाव, ओरडलो तरी उघडू नकोस. ती लगेच बरं म्हणाली. बायकोने थोडा तरी विचार करावा.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आत आहे. एक माड काढला. बोल्ट दिसला. पुसला. होडी काढली, तीही पुसली. पुष्कळ ओरडलो. सगळी बिल्डिंग टीव्हीवरच्या पिक्चरला बसलीय. खिडकीला ग्रिल. समोर नुसती पांढरी भिंत.

१५ एप्रिल
सुचलं. चित्र काढायचंच नाही! ऑफिसात एका मासिकात वाचलं होतं, परदेशात हेच चालतं. चित्र बघणाऱ्याच्या मनात असतं. भिंत पांढरी, पुढे एक खुर्ची, बस्स. नलिनी म्हणाली, म्हणजे तुम्ही काहीच काढणार नाही. नव्या कल्पनेला घरातूनच विरोध होतो.

१ मे, गुरुवार
उद्घाटन. पडदा ओढला. मी भाषण केलं. मागे कुणीतरी हसलं. काका उठले. इतरांना नीट दिसावं म्हणून मी दाराकडे सरकलो. काका सरळ खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "दिसली रे माका." आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. त्यानंतर खुर्चीसाठी रांग लागली. झकास यश.

४ मे, रविवार
सुट्टी, पण हॉलमधून सुटका नाही. ज्याला त्याला आपलं चित्र मलाच सांगायचंय. रत्नप्रभाबाईंना सासरची बुजलेली विहीर दिसते, दशरथला त्याची बंद पडलेली गिरणी चालू दिसते. जरा उठलो की कुणीतरी हात धरून बसवतं. कलेसाठी हे सोसायला हवं.

११ मे, रविवार
बी विंगच्या अनुपमा मॅडम आल्या. आर्ट स्कूलमध्ये शिकवतात. म्हणाल्या, कल्पना चांगली आहे. मग सहज विचारलं, तुम्हाला चित्र काढता येतं ना? मी हसलो. जेवण गेलं नाही.

१८ मे, रविवार
आज प्रथमच स्वतः खुर्चीत बसलो. भिंत दिसली. पुन्हा बसलो. भिंतच. ठरवलं, आता खरी खाडी काढायची. नटबोल्ट गेले खड्ड्यात. मॅडम येऊन गेल्यापासून ऑफिसात लपूनछपून माडाचा सराव चालू आहे. एक माड तर खरंच माडासारखा आला.

२५ मे, रविवार
निळा डबा उघडला, ब्रश बुडवला. काका खुर्चीतून उठून मध्ये आले. मी म्हटलं, काका, तुमचीच खाडी काढतोय. ते म्हणाले, "नको रे चंदू. थय होडी आसा. तेच्यात ती बसलेली आसा." हात वर होता, तो खाली घ्यावा लागला. ब्रशमधला निळा माझ्या पॅंटवर.

१ जून, रविवार
सोसायटीची मीटिंग. ठराव, भिंतीला कुणी रंग लावायचा नाही. मी म्हटलं, चित्र माझं आहे. काका म्हणाले, तुझं कसं, तुला कुठे दिसतंय? ठराव एकमताने पास. नलिनीचाही हात वर होता. घरी विचारलं, तुला काय दिसतं तिथे? म्हणाली, ते माझं मला राहू द्या.

८ जून, रविवार
ठरावाप्रमाणे बोर्ड करायला मलाच सांगितलं. "भिंतीला हात लावू नये." लोक बघायला थांबले. काका म्हणाले, अक्षर मात्र चांगलं आहे हो तुझं. नलिनीने बोर्ड दोनदा वाचला आणि म्हणाली, "शेवटी काहीतरी पुरं केलंत."