घटाची माती

१४ सप्टेंबर, रविवार
एकदाचं घर मिळालं. कॅल्गरीतल्या बेसमेंटमध्ये चार महिने खिडकीतून लोकांचे बूट बघत काढले. इथे ओट्यापाशी उभं राहिलं की समोर नुसतं मोकळं मैदान. हेमचंद्रचा प्लांट पार उत्तरेला. दोन आठवडे कॅम्पवर, एक आठवडा घरी. गुरुवारी जाईल तो दसऱ्यालाच उगवेल. तोवर मी आणि ऊर्मी, दोघींचंच राज्य.

मैदानात छोटे नारिंगी झेंडे रोवलेत, जमिनीखालच्या केबलच्या खुणेला असतात तसे. शेजारी डोरीन म्हणून एक आजी राहतात, गोरे येण्याआधीपासूनच्या इथल्या मूळच्या लोकांपैकी. सामान उतरवतानाच गरम जाडसर पाव घेऊन आल्या. बऱ्या वाटल्या.

ऊर्मीला आजपासून नियम घातलाय: घरातही इंग्लिशच. सात वर्षांची घोडी, वर्गात मराठीत उत्तरं देते नि हसं करून घेते. रडली. रडू दे, पुढे आभार मानेल. तिची कमरेपर्यंतची वेणी मात्र मी रोज तेल लावून घालणार. असे केस आमच्या नागपूरच्या घरात कुणाचे नाहीत.

२१ सप्टेंबर, रविवार
उद्या घट बसवायचे. इथल्या दुकानातली माती म्हणजे थर्माकोलचा चुरा, त्यात धान्य काय रुजणार? म्हणून मैदानातून परातभर काळीभोर माती उकरून आणली. एका झेंड्यापाशी छान भुसभुशीत होती.

डोरीनबाईंनी पाहिलं आणि मागोमाग दारात. म्हणाल्या, झेंडे केबलचे नाहीत. तिथे सरकार नि चर्चची निवासी शाळा होती. त्यांच्या लोकांची मुलं घरांतून उचलून आणायचे. आल्या दिवशी केस कापायचे, नावाऐवजी नंबर द्यायचे, आपल्या भाषेत बोललं की तोंडात साबण कोंबायचे. त्या स्वतः तिथे पाच वर्षं होत्या. त्यांची थोरली बहीण परत आलीच नाही. मैदान मशीनने तपासलं, जिथे मुलं पुरल्याच्या खुणा लागल्या तिथे झेंडे लावले. माती होती तिथे ठेव, म्हणाल्या. आवाज जराही चढवला नाही, त्याचाच मला जास्त राग आला.

शाळेच्या पालकसभेतही तासभर हेच. अरे, आम्ही काल आलो या देशात! ज्यांनी केलं त्यांना जाऊन सांगा, आमच्या देवाच्या आड कशाला येता? हे सगळं मी त्यांना तोंडावर ऐकवलं आणि दार लावून घेतलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
घट बसले. गहू, ज्वारी, मूग पेरले, वर कलश, शेजारी दिवा. सुरेख दिसतंय. फक्त स्वयंपाकघरात कसला तरी साबणाचा उग्र वास येतोय, दवाखान्यात येतो तसा. मी तर असा साबण आणलेला नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार
ऊर्मी सुधारली! हाक मारायच्या आत उठते, पलंग आवरते नि शेजारी ताठ उभी राहते. सगळं इंग्लिशमध्ये. मला आई म्हणत नाही, ‘येस, मॅम’ म्हणते. हेमचंद्रला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, पोरगी घाबरलेली वाटते गं. याला कौतुक म्हणून नाहीच कधी.

घटात कोंब आलेत. फार दाट, आणि काळसर.

२७ सप्टेंबर, शनिवार
ते कोंब नाहीत. एक उपटून पाहिला. केस आहे. सगळे केसच आहेत, वरून एका रेषेत कापलेले.

दुपारी ऊर्मी चुकून आई म्हणाली. मग मी सिंकपाशी होते, हातात ओला साबण होता आणि ती तोंड मिटून मागे मागे सरकत होती. मधलं मला काही आठवत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
वेणी गेली. घटापाशी पडली होती, रिबिनीसकट. कुणी कापली विचारलं तर ऊर्मी माझ्या पायांकडे बघत राहिली. ‘यू डिड, मॅम.’

माझ्या अंगठ्यावर कात्रीचा वळ आहे.

मघाशी तिला जेवायला बोलावलं. एकेचाळीस म्हणून हाक मारली. ती आली.

२९ सप्टेंबर, सोमवार
मला वाटत होतं मातीतून ती मुलं आली. ती नाहीत. ती बिचारी तेव्हाही असहायच होती. ज्यांच्या हातात कात्री असायची, त्यांचं काहीतरी आलंय. आणि त्याला माझ्यात जागा शोधावी लागली नाही, मी आधीच —

माती परत करायला निघाले. दाराशी पोचले तेव्हा हातात परात नव्हती. कात्री होती.

३० सप्टेंबर, मंगळवार
सुट्टी. त्या मुलांच्या आठवणीचा दिवस. डोरीनबाई ऊर्मीसाठी, आज इथे सगळे घालतात तसा, नारिंगी शर्ट घेऊन आल्या. मला सांगायचं होतं, हिला घेऊन जा, आत्ताच्या आत्ता. तोंडातून निघालं, भेटीची वेळ नाही. इंग्लिशमध्ये. माझा आवाज नव्हता. त्यांनी तो ओळखला. तरी पायरीवरून हलल्या नाहीत. दार मी लावलं.

१ ऑक्टोबर
त्या अजून पायरीवरच बसल्यात. खिडकीतून दिसतात. मागचं दार उघडं ठेवलंय —

मराठी लिहिताना हात दुखतो, छडी बसल्यासारखा. तरी लिहिते. लिहिते तोवर मी मी आहे.

आत्ता ऊर्मीला सांगितलं. मराठीत, सगळा जीव गोळा करून — पळ बाळा, डोरीनआजीकडे पळ. आईचं ऐक —

कळलं तिला. डोळ्यांत दिसलं, कळलं.

पण ती दाराकडे गेली नाही. सिंककडे गेली. साबण घेऊन आली, माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत, मी मराठीत बोलले म्हणून, मला शिक्षा — नाही, स्वतःचंच तोंड उघडून —

ऊर्मी, मिट. तोंड मिट बाळा, पळ, माझा हात —